उजवा रकाना

४ फेब्रुवारी, बुधवार
विषय: सहज

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

माझं पत्र पाहून तुझ्या कपाळावर ती एक आठी पडेल, मला इथून दिसते आहे. दोन वर्षं आठ महिने आपल्यात पत्राच्या एका ओळीची देवाणघेवाण नाही, आणि आज बाबांचं पत्र, तेही ई-मेलने. टपालानेच पाठवणार होतो. पाकीट काढलं, पेनात शाई भरली. पण टपालाला चार दिवस लागतात, आणि चार दिवस म्हणजे फार झाले. का ते सांगतो.

इथे सगळं जागच्या जागी आहे. खिडकीपाशी आपली दोन टेबलं पाठीला पाठ लावून उभी आहेत. तुझ्या टेबलावर मी शब्दकोश रचले आहेत, खुर्चीवर मात्र काही ठेवत नाही. मोठा स्क्रीन अजून चालतो. काम तेवढं येत नाही. गेल्या वर्षभरात तीन वेबसाइट केल्या. एक चष्म्याच्या दुकानाची, एक शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याची, आणि तिसरी त्याच्या मेव्हण्याची. ती त्याने मेव्हण्याला भेट दिली आणि मेव्हण्याने अजून उघडून पाहिलेली नाही.

तू म्हणायचीस, "बाबा, लोक आता जग खिशातून काढून बघतात. आधी फोनएवढं पान करा. त्यात जे मावेल ते मुद्द्याचं. मग जागा वाढेल तसं वाढवत न्या." आणि मी म्हणायचो, आधी मोठं पान, ऐसपैस, तीन रकान्यांचं, मग लहान स्क्रीनसाठी त्यातलं काय काढायचं ते बघू. ज्याचं निम्मं आयुष्य छापखान्यात पानं लावण्यात गेलं, त्याला चार बोटं रुंदीच्या पट्टीत विचार करता येत नाही गं. शाळेच्या पुस्तकातलं कवितेचं पान आठव. चहूबाजूंनी कोरी जागा, मध्ये आठ ओळी, कोपऱ्यात एखादं चित्र. ती कोरी जागासुद्धा कविताच होती. बाक करकरत असायचे, मागचे दोघे एकमेकांना चिमटे काढत असायचे, पण त्या पानावर मात्र शांत असायचं. ते सगळं तिकिटाएवढ्या जागेत कसं बसवायचं?

जुनं भांडण उकरून काढतोय असं समजू नकोस. रोपवाटिकेच्या मालकासमोर मी तुला जे बोललो ते बोलायला नको होतं. सध्या एवढंच म्हणतो, सविस्तर पुढे कधीतरी.

तू आणखी एक म्हणायचीस. "बाबा, तुमचं खरं काय ते नेहमी तळाशी असतं. शोधत जावं लागतं." तर आता मूळ गोष्ट.

तुझी आई सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास घरातून बाहेर पडली, ती परत आलेली नाही. आज तिसरा दिवस. दार बहुधा उघडं राहिलं असावं. अंगात करडा स्वेटर आहे आणि पायात घरातल्याच सपाता. गेलं दीड वर्ष तिला विसर पडतो. आधी शब्दांचा पडायचा, मग माणसांचा, हल्ली घराचासुद्धा. तुला कळवलं नव्हतं. तुझा जुना नंबर लावला तर कोणी एक गृहस्थ उचलतात. काल तिसऱ्यांदा लावला तेव्हा म्हणाले, "आजोबा, मी तुमची मुलगी नाही, आणि आता होणंही कठीण आहे." तेव्हा ई-मेलचा हा पत्ता तेवढा माझ्या हातात आहे.

वाचलंस की कळव.

तुझे बाबा


६ फेब्रुवारी, शुक्रवार
विषय: एक जुनी आठवण

चि. खारूताईस,

उत्तर आलं नाही. कामात असशील.

तुझी आई आणि मी पहिल्यांदा भांडलो ते एका होडीवरून, हे तुला कधी सांगितलं होतं का? तिच्या शाळेने मुलांच्या पाठांतराच्या कवितांची छोटी पुस्तिका काढली होती आणि ती आमच्या छापखान्यात आली. प्रूफं तपासायला चौथीच्या वर्गाच्या बाई आल्या. खांद्याला पिशवी, बोटांना खडू. उभ्याउभ्याच वाचायला लागल्या:

नदीकाठी एक होडी,
तिला नाही दोरी,
कोण बांधील, कोण सोडील,
सांग ना गं पोरी.

मी होडीचं मोठं चित्र वर लावलं होतं. अर्धं पान चित्रालाच गेलं होतं, आणि चौथी ओळ पुढच्या पानावर.

बाई म्हणाल्या, "ही ओळ पोरं वाचणारच नाहीत."

"पान उलटतील की."

"नाही उलटणार. त्यांना वाटेल कविता संपली."

"चित्र लहान केलं तर पानाची शोभा जाईल, बाई."

"शोभा तुमच्या घरी लावा. मला ओळ पाहिजे."

मी चित्र लहान केलं आणि तिला लग्नाचं विचारलं. मध्ये दीड वर्ष गेलं म्हणा, पण मला ते लागोपाठच आठवतं.

ही आठवण येण्याचं कारण म्हणजे मी तिच्यासाठी पान केलं आहे. बुधवारी तुला पत्र पाठवलं आणि लगेच बसलो. नव्याने बांधायला वेळ कुठे होता? आपला जुना तीन रकान्यांचा साचा घेतला, तोच, ज्यावरून आपण भांडायचो. पण पान असं उतरलं आहे की तूसुद्धा दोन मिनिटं गप्प बसशील. वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, टपोऱ्या अक्षरांत होडीची कविता. डावीकडे तिची शाळेतली एकतीस वर्षं. मधल्या रकान्यात ती दिसते कशी, चालते कशी, बोलता बोलता थांबते कशी. चार परिच्छेद झाले, त्याहून कमी करवेना. आणि उजव्या रकान्यात, बारीक चौकटीत, तिचा फोटो आणि खाली माझा नंबर. वर्तमानपत्रात वरचा उजवा कोपरा म्हणजे मानाची जागा. आम्ही एखाद्याला तिथे बसवायचो ते विचार करून बसवायचो.

पोलीस ठाण्यातल्या टेबलामागच्या साहेबांना त्यांच्या संगणकावर उघडून दाखवलं. ते पुढे झुकून वाचायला लागले. म्हणाले, "आजोबा, देखणं झालंय. माझ्या निवृत्तीला असंच एक करून द्याल का?" मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "शोध चालू आहे."

त्यांनीच सुचवलं म्हणून चिठ्ठ्याही छापल्या. चिठ्ठीवर मजकूर एवढाच, 'या बाई हरवल्या आहेत', आणि खाली तो काळा-पांढरा चौकोन, ज्याच्यावर फोन धरला की पान उघडतं. घरच्या छपाईयंत्रावर फोटो काळा पडत होता, म्हणून काढून टाकला. पानावर सगळं आहेच. बाकी जागा मोकळी सोडली. बसस्थानकावर, दवाखान्यांबाहेर, शाळांच्या फाटकांवर लावत दोन दिवस फिरलो.

चारशे बारा. आज सकाळपर्यंत चारशे बारा वेळा पान उघडलं गेलं आहे, साच्यात तसा आकडा दिसतो. फोन एकही नाही. मी फोन छातीशी धरून बसतो. न्हाणीघरात जातानासुद्धा दार अर्धं उघडं ठेवतो. चारशे बारा माणसांनी तिचा चेहरा पाहिला आणि एकानेही तिला कुठे पाहिलेलं नाही, हे कसं, खारूताई? माणूस एवढं कसं पुसलं जातं?

कळव.

बाबा


८ फेब्रुवारी, रविवार
विषय: वेळ मिळाल्यास

खारूताई,

सातवा दिवस.

तू पत्रं उघडून वाचून मिटून टाकतेस, असं मी धरून चाललो आहे. ते मी सहन करीन. रागावलेली आहेस, रागाव. पण आईवर राग धरू नकोस, कारण तिच्यावरच्या रागाला कारणच नाही, आणि तुला जे कारण वाटतं ते माझं केलेलं आहे.

तू दर रविवारी घरच्या फोनवर लावायचीस. मी उचलायचो, तू म्हणायचीस, "आईला द्या." शेवटी शेवटी मी म्हणायचो, "झोपली आहे." सलग पाच रविवार झोपली आहे म्हटलं. पाचव्या रविवारी तू म्हणालीस, "आईला माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं सांगा, तिला झोपवता कशाला." आणि मी गप्प राहिलो. ती झोपलेली नव्हती. समोरच बसली होती. आदल्या महिन्यात तिने फोन घेऊन तुला "आपण कोण बोलता" म्हणून विचारलं होतं आणि तू हसली होतीस, तुला चेष्टा वाटली. पुन्हा तसं झालं तर तुला कळेल, तू येशील, घर बघशील आणि म्हणशील की तुम्हाला हेही जमलं नाही. म्हणून ती झोपली.

दुसरं. खालचा कुलूपवाला काल वर आला. आतून लावायची कडी त्याने गेल्या वर्षी दाराच्या पार वरच्या कोपऱ्यात बसवून दिली होती, तिचा हात पोचू नये म्हणून.

"काका, कडी बघायला आलो. ढिली झाली का?"

"नाही."

"मग काकूंचा हात पोचला?"

"नाही रे."

"मग कडीला पाय फुटले का?"

त्याने कडी दोनदा वरखाली केली, उगाचच तेल सोडलं आणि गेला. पैसे विचारले तर म्हणाला, "काही केलंच नाही तर कसले?"

कडी मी लावली नव्हती. वर्तमानपत्र घेऊन आत आलो आणि थेट स्क्रीनसमोर बसलो. चष्म्याच्या दुकानाच्या पानाचा उजवा समास डाव्याहून किंचित कमी दिसत होता. कोणाच्या लक्षातही आलं नसतं. ती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी जाऊ का?" मी म्हटलं, "हं." थोड्या वेळाने पुन्हा आली, स्वेटर घालून. "मी जाऊ का? शाळा भरली असेल." मी म्हटलं, "हं." तिसऱ्यांदा दारातून विचारलं.

तीनदा विचारलं गं तिने. एकतीस वर्षं तिने मुलांना शिकवलं की विचारल्याशिवाय वर्गाबाहेर जायचं नाही. ती विचारून गेली. मी तिला जा म्हटलं.

पोलिसांना हे सांगितलेलं नाही. त्यांना म्हटलं, दार उघडं राहिलं.

पान आता नऊशेच्या वर वेळा उघडलं गेलं आहे. एकही फोन नाही. काल मधला रकाना पुन्हा लिहून काढला, वाटलं शब्द कमी पडत असतील. तिच्या हसण्यावर एक परिच्छेद घातला. दिवसा रस्ते पालथे घालतो. लांबून करडं काही दिसलं की धावतो. काल एका बाईंच्या खांद्याला हात लावला, त्या किंचाळल्या. लोक जमले. मी चिठ्ठी दाखवली, एकाने तिच्यावर फोन धरला, बघितलं, आणि मला म्हणाला, "आजोबा, तुम्हाला घरी सोडू का?" तो असं का म्हणाला ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्याशी बोलू नकोस. तिला शोध. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी लिहून देतो.

बाबा


१० फेब्रुवारी, मंगळवार
विषय: आई हरवली आहे. फोन कर.

आठ दिवस झाले, आई सापडत नाही. माझा नंबर जुनाच आहे.
पान केलं आहे पण फोनवर त्यात तिचा चेहरा दिसत नाही, नंबरही नाही. मला ते फोनसाठी दुरुस्त करता येत नाही.
ये.


१० फेब्रुवारी, मंगळवार
विषय: आई हरवली आहे. फोन कर. – उत्तर

बाबा, निघाले. बसमधून फोन लावते, उचला. पानाचा पासवर्ड तयार ठेवा. तुम्ही त्यातलं काही हलवू नका.
आधीची तिन्ही पत्रं आत्ता उघडली.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार
विषय: उद्या सातला मी वॉर्डात येतो, तू घरी जाऊन झोप. बाकीचं सावकाश वाच.

खारूताई,

तू मला घरी झोपायला पाठवलंस. पडलो होतो तासभर. मग उठून बसलो. तू आईच्या उशापाशी असशील, फोन हातात असेल. हे पत्र ताबडतोब वाचण्यासारखं नाही, म्हणून वर तसं लिहिलं आहे. शिकतोय.

मंगळवारी मला अक्कल कशी आली ते तुला सांगितलंच नाही. बसस्थानकावर पावसाने भिजलेल्या चिठ्ठीवर नवी चिकटवत होतो. तिकिटाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, हे तुम्ही लावता होय? आम्हाला वाटलं, कुठल्यातरी बालवाडीची जाहिरात आहे."

"बालवाडी?"

"कविता येते ना उघडलं की. होडीबिडी."

"खाली फोटो आहे की. नंबर आहे."

"कुठे? दाखवा बरं." तिने फोन जाळीच्या फटीतून माझ्याकडे सरकवला.

मी ते पान फोनवर पहिल्यांदा पाहिलं, खारूताई. माझ्याकडे हा बटणांचा फोन, आणि एरवी मी स्क्रीनवरची खिडकी अरुंद करून तरी बघायचो, या वेळी तेही केलं नव्हतं. होडी एवढी मोठी की तिसऱ्या ओळीलाच स्क्रीन संपला. 'सांग ना गं पोरी' कडेच्या खाली. बोटाने ढकललं तर शाळेची एकतीस वर्षं आली. आणखी ढकललं तर ती बोलता बोलता थांबते कशी ते आलं, मग मी शनिवारी घातलेला हसण्यावरचा परिच्छेद. मग पान संपलं. फोटो नाही. नंबर नाही. उजवा रकाना नव्हताच.

मग आठवलं. साच्यात एक ओळ आहे, मीच लिहिलेली. स्क्रीन लहान असेल तर उजवा रकाना दिसू देऊ नये. आपण तिथे जाहिराती आणि शोभेची चित्रं टाकायचो, लहान पानावर ती अडचण व्हायची. मोठं पान आधी, मग कात्री. कात्री मीच चालवून ठेवली होती, कधीचीच, आणि विसरलो होतो. चिठ्ठीवरचा चौकोन तर फोनशिवाय उघडतच नाही. म्हणजे नऊशेवर वेळा पान उघडलं गेलं आणि तिचा चेहरा बहुधा कोणालाच दिसला नाही. मी आणि ते पोलीस साहेब, दोघेच.

मी तिथेच खाली बसलो. त्या मुलीने खिडकी बंद केली, बाहेर आली, मला बाकावर बसवलं. मागे रांग ओरडत होती. ती म्हणाली, "ओरडू द्या. बस कुठे पळून जाते आहे?"

मग मी तिला दुसरं विचारलं. "माझी मुलगी पत्रं फोनवर वाचते. तिला ती कशी दिसतात?" तिने स्वतःची पत्रं उघडून दाखवली. पाठवणाऱ्याचं नाव, विषय, आणि पुसट अक्षरांत दीड ओळ.

"एवढंच?"

"उघडलं की सगळं दिसतं."

"वर 'सहज' लिहिलं असेल तर?"

"मग सवडीने उघडायचं."

"आणि सवड झाली नाही तर?"

"तर राहतं, आजोबा."

ते शेवटचं पत्र मी तिच्याच फोनवरून पाठवलं, माझ्या खात्यात शिरून. शब्द माझे, बोटं तिची. मी म्हणालो, "सुरुवातीला चि. खारूताईस वगैरे..." ती म्हणाली, "काही नको."

पुढचं तुला माहीत आहे. पण तू बसमध्ये होतीस, आवाज तुटत होता, आणि मी तेव्हा काय पाहिलं ते तुला दिसलं नाही. तू म्हणालीस, "बाबा, रडू नका, सांगा. आई रस्त्यात दिसली तर अनोळखी माणसाने ओळखायचं कसं?"

"तिच्या डोळ्यांत ना..."

"डोळ्यांतलं नको. लांबून."

"करडा स्वेटर. सपाता."

"अजून एक. एकच. जे फक्त आईचं आहे."

तेहतीस परिच्छेद लिहिता आले असते मला. तुझ्या बसच्या इंजिनाचा आवाज ऐकत मी उभा राहिलो, आणि एकेक टाकत गेलो. हसणं टाकलं. खडूची बोटं टाकली. होडी टाकली. तळाशी जे उरलं ते मी सबंध पानभर कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणालो, "तिला 'बाई' अशी हाक मारली तर ती थांबते. मागे वळून बघते."

तू बसमधूनच ते पानावर चढवलंस. मग म्हणालीस, "झालं. उघडा."

त्या मुलीच्या फोनवर उघडलं. तिचा चेहरा, अख्ख्या स्क्रीनभर. खाली 'यांना बाई म्हणून हाक मारा, त्या थांबतील.' खाली नंबर, अंगठ्याएवढा. तिने लगेच ते सगळ्या ड्रायव्हरांना पाठवलं, आणि साडेसहाला माझा फोन वाजला.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, या बाई सोमवारी माझ्या गाडीतून शेवटच्या थांब्यापर्यंत आल्या. उतरताना पायरीवरून पडल्या. दवाखान्यात मीच नेलं. तिथे नाव विचारलं तर म्हणाल्या, आधी तू तुझं सांग, आणि उभा राहून सांग."

मी हसलो. त्याही वेळी हसू आलं.

मग तो म्हणाला, "मी पाच तारखेलाच तुमचं पान उघडलं होतं हो. कविता आली. मला वाटलं, चुकीचं उघडलं."

पाच तारीख. दहापर्यंत पाच दिवस होतात. शेवटचा थांबा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, तिथल्या वहीत ती 'अनोळखी वृद्ध स्त्री' होती. मनगट मोडलेलं, छातीत कफ, ताप, आणि उशाशी तिला ओळखणारं एकही माणूस नाही. डॉक्टर काल तुला बाजूला घेऊन जे बोलले ते मी ऐकलं. तू मला वेगळं सांगितलंस. असू दे. आईला झोपलेली ठेवायची विद्या तू माझ्याकडूनच घेतलीस.

रोपवाटिकेचं पान तू रात्रंदिवस खपून आधी फोनसाठी बांधलं होतंस. मालकाला आवडलंही होतं. आणि मी त्याच्यासमोर म्हणालो, "हिला मोठं काही मांडता येत नाही, म्हणून ही लहानाला डोक्यावर घेऊन नाचते." तू लॅपटॉप मिटलास आणि गेलीस. मी त्या माणसासमोर लहान पडलो होतो, खारूताई. माझं ज्ञान जुनं झालं हे मला एका रोपं विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि ते मी तुझ्यावर काढलं. माफ कर. हे वाक्य वर, पहिल्या ओळीत पाहिजे होतं, पण तिथे तुझी झोप जास्त महत्त्वाची होती.

एक शेवटचं. घरी आल्यावर तू केलेलं पान मी मोठ्या स्क्रीनवर उघडलं. मला वाटलं होतं, मध्ये एक अरुंद पट्टी असेल आणि दोन्ही बाजूंना ओसाड. तर उजवीकडे आई, आणि डावीकडे, कोऱ्या जागेत, होडी. चारही ओळी. तू ती टाकलेली नव्हतीस. फोनवर ती सगळ्यात शेवटी होती, आणि जागा मिळाल्याबरोबर आईच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. मी बराच वेळ बघत बसलो. समास दोन्ही बाजूंनी सारखे आहेत.

उद्या सातला येतो.

बाबा


१७ फेब्रुवारी, मंगळवार
विषय: आई तुला विचारते आहे

आई जागी आहे. "ती भरभर चालणारी मुलगी कुठे गेली?" असं तिने दोनदा विचारलं. मी 'हं' म्हटलं नाही. उठून जवळ गेलो आणि सांगितलं, येते आहे. ये.

याखाली काही लिहिलेलं नाही. शोधू नकोस.